कीड लागली म्हणजे अस्सल ऑरगॅनिक? दहा महिने वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीत सुरू केलेला ऑरगॅनिक किराणा, आता गणपती उठले, म्हणजे दहा महिने धरून चाला. खरं तर सहा महिन्यांनीच लिहिणार होते आणि तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते, सोसायटीतल्या चार घरांना मीच हे लावून दिलंय आणि त्याचंही आता ऐकून घेतेय. पण मध्ये मूग घडले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण एका कंपनीशी नाही, एका वाक्याशी आहे, आणि ते वाक्य मला नंतर अजून दोन ठिकाणी जसंच्या तसं ऐकायला मिळालं.

आषाढातली गोष्ट. अर्धा किलोची दोन पाकिटं मागवलेली, दर 240 रुपये किलो (कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तेव्हा 130 होता, हे ह्यांनी त्याच दिवशी सांगितलं आणि नंतर रोज सांगितलं). एक पाकीट फोडून वाटीभर मूग रात्री भिजत घातले, सकाळी बघते तर निम्मे वर तरंगतायत. आधी वाटलं हलके असतील. चाळणीत घेऊन नळाखाली धरले तर प्रत्येक तरंगत्या दाण्याला एक गोल भोक, एकदम गिरमिट मारल्यासारखं गोल, आणि आत काही नाही. मग बाकीचे कोरडे मूग ताटात पसरले. काही दाण्यांवर पांढरा ठिपका, मिठाच्या कणाएवढा, नखाने खरवडला तरी सहज निघत नाही. ती अंडी. काही दाण्यांना भोक नाही पण एका जागी साल पातळ होऊन काचेसारखी खिडकी झालेली, आणि मी बघत असतानाच त्यातली एक खिडकी आतून ढकलली गेली आणि एक तपकिरी भुंगा बाहेर आला. इतका निवांत, की जणू भाडं भरून राहत होता. दुसरं पाकीट सीलबंद होतं, ते उजेडात धरलं तर त्याच्याही तळाशी पीठ आणि चार-पाच जण फिरतायत.

फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, दोन दिवसांनी फोन आला. मुलगा आवाजाने अगदी गोड. म्हणाला, "मॅडम, उलट तुम्ही निश्चिंत राहा. कीड लागली म्हणजे आपलं प्रॉडक्ट शंभर टक्के नॅचरल आहे. किड्याला बरोबर कळतं कुठे विष नाही ते."

तेव्हा मला पटलं हो! खोटं का बोलू. फोन ठेवून मी सासूबाईंना तेच ऐकवलं, वर थोडं ज्ञान घालून. त्या डाळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मग पैसे किड्यांकडून घ्या म्हणावं."

तिथून मला ते वाक्य टोचायला लागलं. कारण आपल्याकडे कीड लागणं ही काय नवी गोष्ट नाही. मे महिन्यात गव्हाला ऊन दाखवायचं, डाळीला एरंडेल चोळायचं, डब्यात कडुनिंबाचा पाला घालायचा, हे सगळं काय लोक गंमत म्हणून करत होते? आणि वाण्याच्या धान्यालाही कीड लागतेच की, मग तेही ऑरगॅनिक का? हे मी त्यांना मेलवर विचारलं. उत्तर आलं की आम्ही गोदामात विषारी गोळ्या वापरत नाही, म्हणून असं होऊ शकतं. हे मात्र खरं आहे. व्यापाऱ्यांच्या गोदामात धान्याच्या थप्पीवर ताडपत्री टाकून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात, त्याचा गॅस होतो आणि आतलं सगळं मरतं. ऑरगॅनिकला ते चालत नाही. पण ऑरगॅनिकच्या नियमात कार्बन डायऑक्साइड चालतो, नायट्रोजन भरलेलं पाकीट चालतं, थंड गोदाम चालतं, चाळून-निवडून घेणं तर देवाच्या दयेने सगळ्यालाच चालतं. यातलं तुम्ही काय केलंत, हा माझा पुढचा प्रश्न, आणि त्याला आजपर्यंत उत्तर नाही. सीलबंद पाकिटाचे 120 रुपये तेवढे त्यांच्या वॉलेटमध्ये आले. फोडलेल्या पाकिटाचे नाहीत, कारण ते "युज्ड" आहे. अहो, वापरलं कोणी, मी का भुंग्यांनी?

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर सल्ल्यांचा पाऊस. एका काकूंनी मनापासून सांगितलं की ऑरगॅनिक धान्य कधीही तसंच ठेवायचं नाही, बोरिक पावडर चोळून ठेवायचं, त्या वर्षानुवर्षं तेच करतात. बोरिक पावडर म्हणजे आपण कॅरमवर टाकतो ती. दुसऱ्या एकीकडे गव्हात पाऱ्याच्या गोळ्या असतात. म्हणजे शेतात औषध नको म्हणून दुप्पट पैसे द्यायचे आणि घरी आणून डब्यात पारा ठेवायचा. मी तिथे काही बोलले नाही, काकू वयाने मोठ्या आहेत, पण कॅरमचा डबा मुलाच्या खोलीत नेऊन ठेवला.

मग मी प्रयोग केला. हसू नका, ह्यांनी हसून झालंय. फिरकीच्या झाकणाच्या तीन सारख्या बरण्या घेतल्या. एकीत नव्याने मागवलेले ऑरगॅनिक मूग, दुसरीत वाण्याचे, तिसरीत ऑरगॅनिकच पण आठ दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग खोलीच्या तापमानाला आणलेले. तिन्ही एकाच फळीवर, वर तारीख लिहून पट्टी चिकटवली. अठराव्या दिवशी पहिल्या बरणीत भुंगे. मी मनातून म्हटलं, झालं, तो मुलगा बरोबर होता. इथे हा रिव्ह्यू संपला असता आणि तुम्ही एक भोळीभाबडी पोस्ट वाचली असती. पण एकेचाळिसाव्या दिवशी वाण्याच्या मुगांतही भुंगे. तिसरी बरणी आज दोन महिने होत आले तरी स्वच्छ आहे.

ह्यांचं म्हणणं की शेजारच्या बरणीतून आले असतील. झाकणं घट्ट होती. पण हे मी मान्य करते की माझं स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा नाही.

खरा उलगडा मामांनी केला. माझे मामा लातूरकडचे, औसा तालुक्यात शेती, मूग-तूर-सोयाबीन. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस आमच्याकडे होते. एका डोळ्यावर हिरवा पडदा, दुसऱ्या डोळ्याने बरणी उजेडात धरून बघत होते, अगदी सोनार बघतो तसं. म्हणाले, "ताई, हे तुझ्या घरात आलेलं नाही आन् गोदामात बी आलेलं नाही. हे रानातनं आलंय. शेंगेवरच अंडी घालतंय ते, काढणीच्या आधीच पोरगं आत शिरतंय." मग वाण्याचे मूग उशिरा का किडले? तर म्हणे, गोळ्यांच्या गॅसने आत असलेलं मरतं, पण गॅस उडून गेला की पुढे राखण काही नाही, नंतर कुठूनही येऊ शकतात. म्हणजे कीड नसणं हा विषाचा पुरावा नाही आणि कीड असणं हा शुद्धतेचा पुरावा नाही, कीड म्हणजे फक्त कीड. एका डोळ्याने बघणाऱ्या माणसाला हे दोन मिनिटांत दिसलं आणि मी चाळीस दिवस बरण्यांवर पट्ट्या चिकटवत बसले होते.

पुढे त्यांनी अजून एक टाचणी लावली. "दुप्पट पैसं देऊन मूगच कशाला घेतलंस? मुगाला युरिया कुठं लागतोय? ते सोतःच हवेतलं नत्र मुळाच्या गाठीत धरतंय. साठ-सत्तर दिवसांचं पीक, पेरताना थोडं डीएपी खत टाकलं की झालं. फवारा म्हणशील तर एक-दोन, माव्याला आन् अळीला. सोयाबीनला इचार, कापसाला इचार." हे ऐकून मला कसंसंच झालं. कारण मी घेत होते ते मूग, मटकी, चवळी, सगळी गाठीवालीच मंडळी. आणि ज्याला रासायनिक खतं-औषधं खरोखर जास्त लागतात अशा वांगी-फ्लॉवर-ढोबळी मिरच्या मंडईतून पाव किलो घेत होते, कारण ऑरगॅनिक महाग.

मामांनी स्वतः तीन वर्षं एका एकरात नैसर्गिक शेती करून बघितलीय, पाळेकरांच्या पद्धतीने. आपल्या अमरावतीकडचेच ते सुभाष पाळेकर, 2016 ला पद्मश्री मिळाली ते. दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, हे जीवामृत मामी ढवळायच्या. जमीन भुसभुशीत झाली, गांडुळं आली, हे मामा आजही सांगतात. मग सोडलं का? तर बैलजोडी विकली, ट्रॅक्टर आला, गाय म्हातारी होऊन गेली, दुसरी परवडेना. "शेण कुठनं आणू, तुझ्या पुण्यातनं?" आणि तणनाशक मारायचं नाही म्हटल्यावर खुरपणीला बाया लागतात, ऐन पावसात सगळ्यांनाच लागतात, मिळत नाहीत.

मी कागदावर मांडून पाहिलं. युरियाची 45 किलोची गोणी साधारण 266 रुपयांना मिळते, सबसिडीमुळे. त्यात नत्र 46 टक्के, म्हणजे वीसेक किलो. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरलं तर तेवढ्याच नत्राला चार टन शेणखत लागेल. चार टन! गोणी मोटरसायकलवर येते, चार टनाला ट्रॉल्या लागतात. आता शेणखतातून बाकीही बरंच मिळतं, जमिनीला कर्ब मिळतो, ते गोणीत नाही, हे मला माहितीय, पण मामांना ऑरगॅनिक करत नाही म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी आधी ट्रॉली भरून दाखवावी. ह्यात माझाही नंबर होता, मे महिन्यात त्यांच्याच ओट्यावर बसून मी भाषण ठोकलेलं.

घरात यावरून जे झालं ते थोडक्यात. आमचे हे लगेच श्रीलंकेवर गेले, 2021 मध्ये तिथे रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि भात-चहाची वाट लागून सहा-सात महिन्यांत निर्णय गुंडाळावा लागला. मी म्हटलं सिक्कीम बघा, 2016 पासून पूर्ण ऑरगॅनिक. ते म्हणाले सिक्कीमने वर्षानुवर्षं हळूहळू केलं आणि तांदूळ बाहेरून येतो. मग त्यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या 2012 च्या अभ्यासाचं काढलं, की ऑरगॅनिक खाण्यात जीवनसत्त्वं फारशी जास्त नसतात. मी म्हटलं त्याच अभ्यासात कीटकनाशकांचे अंश सापडण्याचं प्रमाण कमी असतं हेही आहे, ते वाचताना तुमचा चष्मा कुठे होता? तेव्हा सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पण एक गोष्ट आहे जिथे हेही गप्प बसतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. कापूस उंच वाढलेला, पंप पाठीवर, वाऱ्याने औषध तोंडावर, अंगात साधा शर्ट. मी ऑरगॅनिक घ्यायला लागले त्याच्या मागे माझ्या पोटापेक्षा ती बातमी जास्त होती. माझ्या ताटात राहिलेला अंश किती हा वादाचा विषय असेल, पण त्या पंपवाल्याच्या अंगावर काय पडलं हा वादाचा विषय नाही. त्यामुळे "सगळं थोतांड आहे" म्हणणाऱ्यांनीही माझ्या पोस्टखाली फार टाळ्या वाजवू नयेत.

आता पाकिटाकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे. मामा गेल्यावर मी भिंग घेऊन बसले (त्यांचंच राहिलेलं). समोर मोठ्या अक्षरात ऑरगॅनिक, शेतकऱ्याचा हसरा फोटो, मागे कोपऱ्यात पीजीएस इंडिया ग्रीन, म्हणजे ऑरगॅनिकच्या सरकारी प्रमाणपत्राचा शिक्का. हे ग्रीन म्हणजे हिरवंगार चांगलं असं मला दहा महिने वाटत होतं. तर ग्रीन म्हणजे जमीन अजून रूपांतराच्या काळात आहे, रसायनं बंद केलीत पण ठरलेली मुदत पुरी झालेली नाही. पुरी झाल्यावर त्या शिक्क्यात ग्रीनऐवजी ऑरगॅनिक लिहितात. म्हणजे मी शिकाऊ डॉक्टरला सर्जनची फी देत होते. मला रूपांतरातला माल घ्यायला हरकत नाही, उलट तोच काळ शेतकऱ्याला सगळ्यात जड जातो, उत्पन्न घटतं आणि भावही मिळत नाही, त्याला कोणीतरी घ्यायलाच हवा. पण तसं सांगून घ्या ना. आणि पॅकिंगची तारीख मे महिन्याची, काढणीची तारीख कुठेच नाही. आमच्याकडचा खरीप मूग निघतो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. हा मागच्या खरिपाचा असेल तर पाकिटात भरायच्या आधी आठ महिने कुठे होता? भुंग्याची एक पिढी साधारण महिन्याभरात होते, म्हणजे माझ्याकडे आली ती खापरपणतवंडं. कस्टमर केअरला हे विचारलं तर तिकीट क्रमांक मिळाला. दुसऱ्यांदा विचारलं तर दुसरा तिकीट क्रमांक मिळाला.

तुलनेला एक सांगते. आपल्या नाशिक-सांगलीची जी द्राक्षं युरोपला जातात ती ऑरगॅनिक वगैरे नसतात, साध्या बागेतलीच, पण बागेची नोंदणी असते, नमुना प्रयोगशाळेत जातो, अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर माल जात नाही. 2010 ला एका वाढरोधकाच्या अंशावरून युरोपने माल अडवला होता तेव्हापासून तर फारच कडक. त्या पेटीवर हसरा शेतकरी नसतो, तपासणी असते. मला 240 रुपयांत हसरा शेतकरी मिळाला. त्या शेतकऱ्याला तरी किती मिळाले असतील? 2025-26 साठी मुगाचा हमीभाव 8,768 रुपये क्विंटल होता, म्हणजे किलोला 88, आणि मामा म्हणतात बाजारात तोही मिळेल याची खात्री नाही, तोडणीच्या वेळी पाऊस लागून मूग काळा पडला तर व्यापारी तोंड फिरवतो. ऑरगॅनिकवाल्याला थोडे जास्त मिळत असतील असं मानू. बाकीचे शंभर-सव्वाशे रुपये निवडण्या-टिपण्यात गेले असते तर मी एक शब्द बोलले नसते.

बरं, चांगलं काय ते पण सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती कावलीय. इंद्रायणी तांदूळ अप्रतिम, कुकरची शिट्टी झाली की शेजारचे विचारतात, पाच किलोला एकदाही टोके निघाले नाहीत (तो पिशवीत नाही, हवा काढून विटेसारखा घट्ट पॅक केलेला येतो, म्हणजे करता येतं!). शेंगदाणे चांगले. कोथिंबीर मुळासकट येते, माती लागलेली, ओल्या फडक्यात नऊ दिवस टिकली. गूळ काळा आणि चहा दोनदा फाटला, पण तो गुळाचा दोष नाही हे आता कळलंय, गॅस बंद करून मग घालायचा. पोळ्यांना सासूबाई तो वापरत नाहीत, पुरण काळं दिसतं म्हणतात, आणि मीही हट्ट करत नाही. टोमॅटो बारीक, अर्धे डागाळलेले, बंद केले.

तर आता दहा महिन्यांनी काय चालू आहे. तांदूळ, शेंगदाणे, गूळ त्यांच्याकडूनच. पालेभाज्या रविवारी आमच्या चौकात मुळशीकडून एक जोडपं येतं त्यांच्याकडून. त्यांच्याकडे कसलंही सर्टिफिकेट नाही, आणि स्वतः पिकवून थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला ते लागतही नाही, वर्षाला 12 लाखांच्या आत विक्री असेल तर नियमातच सूट आहे. मी विचारलं फवारता का, तर ती बाई म्हणाली, मेथी-पालकाला नाही, फ्लॉवरला मारावंच लागतं, नाहीतर फ्लॉवर येतच नाही. या एका उत्तरासाठी मी त्यांच्याकडून फ्लॉवरही घेते. कडधान्यं पुढच्या महिन्यात मामांकडून येतील, डीएपीवाली, दोन फवारेवाली, काढणीची तारीख फोनवर सांगून. पावसाने किती शिल्लक ठेवलेत बघू, काल फोनवर आवाज फार बरा नव्हता.

सोसायटीतल्या चारपैकी दोन घरांनी बंद केलं, एकीने माझ्याशी बोलणं कमी केलंय. फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे काढून मूग ठेवल्यामुळे मुलाच्या आइस्क्रीमला जागा नाही, त्यावरून रोज धुसफूस.

रेटिंग: तांदळाला पाच, मुगाला शून्य, फोनवरच्या गोड मुलाला दोन, त्याचा काय दोष, त्याला कागदावर लिहून दिलेलं असणार.

आणि वॉलेटमधले 120 रुपये या 30 तारखेला संपतात असा मेसेज आलाय, बँकेत परत मिळत नाहीत. दोन दिवस सगळी यादी चाळली, त्यांच्याकडे बरोबर 120 रुपयांत काय येतं तर अर्धा किलो मूग. सोडवेना, मागवले. काल आले. न उघडता थेट फ्रीजरमध्ये टाकलेत.